कार रेडिओच्या डिस्प्लेमागचे विझलेले दिवे कसे बदलावेत

रेडिओ नीट वाजतो, बटण दाबले की स्टेशन बदलते, भर दुपारी आकडेही पुसटसे ओळखू येतात; मात्र दिवस मावळला की डिस्प्ले काळाठिक्कर पडतो. अशा रेडिओत पुष्कळदा बाकी सारे शाबूत असते आणि पडद्यामागचा गव्हाच्या दाण्याएवढा एक बल्ब तेवढा गेलेला असतो. एवढ्यासाठी चांगला चालता रेडिओ काढून टाकणे मला कधीच पटले नाही, कारण सोल्डरिंगचा थोडा सराव असलेल्या माणसाला हे काम एका निवांत दुपारी करता येते. यातला अवघड भाग सोल्डरिंगचा नव्हेच. जुना दिवा किती व्होल्टवर चालत होता, किती प्रवाह घेत होता, कोणत्या रंगाचा प्रकाश देत होता आणि तो प्रकाश कोणत्या दिशेला पसरत होता, हे नीट ओळखणे खरे अवघड आहे. ते ओळखले नाही, तर नवा दिवा लागतो खरा, पण डिस्प्ले पूर्वीसारखा दिसत नाही.

दिवाच गेला आहे, याची खात्री

रेडिओ सुरू ठेवून अंधारात टॉर्चचा प्रकाश डिस्प्लेवर तिरपा टाकावा. आकडे दिसले, तर पडदा काम करतो आहे आणि फक्त मागचा उजेड नाही, असे समजावे. एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. मागून येणारा प्रकाश कुठे अडवायचा आणि कुठे जाऊ द्यायचा, एवढेच तो ठरवतो. काळ्या पार्श्वभूमीवर उजळ आकडे दाखवणाऱ्या पडद्यात मात्र मागचा दिवा गेल्यावर दिवसाही जवळजवळ काही दिसत नाही. तिथे टॉर्चचा कोन बदलत धीराने पाहावे लागते.

काही रेडिओंत एलसीडी नसून निळसर हिरव्या रंगाने स्वतः उजळणारा, काचेच्या बंद नळीसारखा डिस्प्ले असतो. जवळून पाहिल्यास आकड्यांच्या पुढे आडव्या, केसापेक्षाही बारीक तारा दिसतात. याला व्हीएफडी म्हणतात. त्याच्या मागे दिवा नसतोच, त्यामुळे तो विझला तर दोष त्याच्या वीजपुरवठ्यात किंवा त्या नळीतच असतो आणि या लेखातली रीत तिथे लागू पडत नाही. तसेच डिस्प्ले उजळतो आहे, पण आकड्यांचे काही तुकडे गायब आहेत, असे असेल तर दोष दिव्यात नसून पडदा आणि सर्किट बोर्ड यांच्यामधल्या जोडणीत असतो.

यानंतर गाडीकडे पाहावे. पार्किंग लाइट लावल्यावर डॅशबोर्डवरचे इतर स्विच आणि मीटर उजळतात का? तेही अंधारात असतील, तर आधी फ्यूज आणि डॅशबोर्डचा उजेड कमीजास्त करणारे चाक, म्हणजे डिमर, तपासावा. डिमर अगदी खाली फिरवलेला राहून गेल्यामुळे रेडिओ उघडण्याची वेळ आलेली मी पाहिली आहे. रेडिओच्या स्वतःच्या मेन्यूत उजेडाची सेटिंग असल्यास तीही बघून घ्यावी. बटणे उजळतात आणि डिस्प्ले तेवढा काळा आहे, अशा स्थितीत गाडीकडून येणारा पुरवठा बहुधा ठीक असतो, कारण अनेक रेडिओंत बटणांचे आणि डिस्प्लेचे दिवे वेगवेगळे असतात. डिस्प्लेचा दिवा रेडिओबरोबर लागतो आणि बटणांचे दिवे पार्किंग लाइटबरोबर.

रेडिओ बाहेर काढणे

बॅटरीची तार काढण्याआधी एक गोष्ट हाताशी हवीच: रेडिओचा सुरक्षा कोड. वीज तुटली की अनेक रेडिओ स्वतःला कुलूप लावून घेतात आणि कोड दिल्याशिवाय वाजत नाहीत. चुकीचा कोड काही वेळा दिल्यास ते बराच काळ बंद राहतात. कोड गाडीच्या कागदपत्रांत असतो. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. तो मिळाला की इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि डॅशबोर्डमधल्या एअरबॅगजवळ काम असल्यास गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेवढा वेळ थांबावे.

प्रमाणित आकाराच्या रेडिओचे तोंड सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असते. तो एका धातूच्या चौकटीत दोन बाजूंच्या स्प्रिंग-पट्ट्यांनी अडकलेला असतो. पुढच्या बाजूला दोन्ही कडांना दोन-दोन छिद्रे दिसली, तर त्यांत यू आकाराच्या चाव्या घालाव्यात; उभ्या फटी दिसल्या, तर पातळ पट्टीच्या चाव्या लागतात. चाव्या टक् असा आवाज येईपर्यंत आत ढकलाव्यात आणि थोड्या बाहेरच्या बाजूला ताणून दोन्ही एकाच वेळी ओढाव्यात. रेडिओ गाडीच्या खास साच्याचा असेल, तर आधी भोवतीची प्लास्टिकची पट्टी प्लास्टिकच्याच पातळ हत्याराने उचकटावी आणि मागचे स्क्रू काढावेत. स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्यास पट्टीवर कायमचा ओरखडा उठतो.

मागच्या जोडण्या काढण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवावा. अनेक गाड्यांत आयएसओ प्रकारचा कनेक्टर असतो. त्याच्या वीजपुरवठ्याच्या भागात ४ क्रमांकाची पिन कायम १२ व्होल्टची, ७ क्रमांकाची इग्निशनबरोबर चालू होणारी, ६ क्रमांकाची उजेडासाठीची आणि ८ क्रमांकाची अर्थची असते. काही गाड्यांत ४ आणि ७ यांची अदलाबदल केलेली असते, म्हणून क्रमांकावर विसंबून न राहता मोजून पाहावे. बॅटरी तात्पुरती जोडून, पार्किंग लाइट लावून, उजेडाच्या पिनवर मल्टिमीटरने व्होल्टेज पाहिले, की गाडीची बाजू निर्दोष आहे की नाही याचा निकाल लागतो.

रेडिओ उघडणे

टेबलावर स्वच्छ, फिकट रंगाचे कापड अंथरावे. कागदावर रेडिओची ढोबळ आकृती काढून प्रत्येक स्क्रू निघाला त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवण्याची सवय मला फार उपयोगी पडली आहे, कारण या स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि सीडी किंवा कॅसेटच्या यंत्रणेच्या जागी चुकून लांब स्क्रू बसला तर तो आतल्या भागाला जाऊन टेकतो. बोर्डला हात लावण्याआधी अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून मनगटाची अर्थ-पट्टी वापरावी. ती नसल्यास रेडिओच्या धातूच्या आवरणाला मधूनमधून स्पर्श करत राहावे.

आवाजाचे बटण सरळ पुढे ओढून निघते. पुढचा प्लास्टिकचा मुखवटा वरखाली असलेल्या छोट्या आकड्यांनी, म्हणजे हुकांनी, धरलेला असतो. एका टोकापासून सुरुवात करून एकेक आकडा सोडवावा आणि सुटलेला पुन्हा अडकू नये म्हणून तिथे कागदाची घडी सरकवावी. मुखवटा मोकळा झाला, तरी झटका देऊन ओढू नये. त्याच्या मागे बहुधा चपटी, लवचिक केबल असते आणि तिच्या कनेक्टरची कुंडी आधी उघडावी लागते. ही कुंडी काही कनेक्टरमध्ये सरकते, तर काहींमध्ये वर उचलते; जोर लावण्याआधी भिंगातून पाहून घ्यावे.

मुखवट्यातला बोर्ड सुटला, की दिवा कुठे आहे ते दिसते. काही रेडिओंत तो बोर्डाच्या मागून प्लास्टिकच्या गोल बैठकीत बसवलेला असतो आणि चपट्या स्क्रू ड्रायव्हरने पाव वळसा दिला की बैठकीसकट बाहेर येतो. तिथे सोल्डरिंगची गरजच पडत नाही. अनेक रेडिओंत मात्र दिव्याच्या दोन तारा बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात आणि दिवा पडद्यामागच्या पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्याच्या कडेला खोचलेला असतो. हा तुकडा म्हणजे प्रकाशवाहक: कडेने आत आलेला प्रकाश तो संपूर्ण पडद्यामागे पसरवतो.

शक्य असेल तिथे पडदा जागेवरून हलवूच नये. दिव्याचे सोल्डर बोर्डाच्या मागच्या बाजूने गाठता येत असेल, तर पडदा न काढता काम पूर्ण होते. पडद्याची धातूची चौकट काढणे अटळ असेल, तर तिचे पिळलेले कान पक्कडीने हळूच सरळ करावेत. तीच कृती तीनचार वेळा केल्यास ते तुटतात. चौकटीखाली पडदा आणि बोर्ड यांच्यामध्ये रबरासारखी एक मऊ पट्टी आढळू शकते. तिच्यात वीज वाहून नेणारे आणि न नेणारे अतिशय बारीक थर आलटून पालटून असतात, म्हणून तिला बोट लावू नये; चिमट्याने कडेला धरावे. आकड्यांचे तुकडे गायब होण्याची तक्रार अनेकदा याच पट्टीवरच्या बोटांच्या तेलातून सुरू होते. पट्टी आणि तिच्याखालचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत. पडद्यामागे प्रकाश पसरवणारे पातळ कागद किंवा फिल्म असल्यास त्यांचा क्रम आणि वरची बाजू फोटोत टिपून घ्यावी.

जुना दिवा काय सांगतो

हा टप्पा घाईने उरकू नये. दिव्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावल्यावर जोडणी तुटलेली दिसली, तर दिवा गेला. चांगला १२ व्होल्ट, ६० मिलिअँपिअरचा बल्ब पेटल्यावर सुमारे २०० ओहम रोध दाखवतो, पण थंड असताना मोजला तर त्याचा रोध त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो, तेव्हा कमी आकडा पाहून तो शॉर्ट आहे असे समजू नये. काच आतून काळवंडली असेल, तर फिलॅमेंटचा धातू उडून काचेवर बसला आहे आणि दिवा आयुष्याच्या शेवटी आला आहे.

दिवा चांगला निघाला, तर शोध इथेच सोडू नये. दिव्याच्या मार्गात अनेकदा व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टर किंवा एखादा ट्रान्झिस्टर असतो. रेझिस्टर सतत गरम होत राहिल्याने त्याच्याभोवतीचा बोर्ड तपकिरी होतो आणि त्याच्या पायाशी असलेल्या सोल्डरला अंगठीसारखी गोल भेग पडते. असा जोड पुन्हा वितळवून थोडे ताजे सोल्डर दिले, की कित्येकदा जुनाच दिवा उजळतो.

आता व्होल्टेज. गाडीत १२ व्होल्ट असतात म्हणून १२ व्होल्टचा दिवा, हा हिशेब फसवा आहे. इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.४ असते. शिवाय काही रेडिओंत ६ व्होल्टचे दोन दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात, आणि त्यातला एक गेला की दोन्ही विझतात. तिथे १२ व्होल्टचा दिवा बसवला, तर तो मलूल लागेल. उलट जिथे एकटा १२ व्होल्टचा दिवा होता तिथे ६ व्होल्टचा बसवला, तर तो क्षणात जळेल. एखादा दिवा अजून चालू असेल, तर तो पेटलेला असताना त्याच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजणे हा सर्वांत सोपा मार्ग. सगळेच गेले असतील, तर प्रत्येक दिव्याच्या जागी २२० ओहम, १ वॉटचा रेझिस्टर तात्पुरता लावावा आणि मग मोजावे. मोकळ्या टोकांवर मोजलेला आकडा दिशाभूल करतो, कारण मार्गात प्रवाहच नसतो आणि मधल्या रेझिस्टरवर व्होल्टेज घटत नाही. हे मोजमाप झटपट संपवावे, कारण रेझिस्टर तापतो.

फिलॅमेंटच्या दिव्याचे आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने घटते आणि उजेड साडेतिसऱ्या घाताने वाढतो. म्हणजे १२ व्होल्टचा दिवा १४ व्होल्टवर चालवला, तर उजेड सुमारे पावणेदोन पट मिळतो, पण आयुष्य सहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून १४ व्होल्टची नोंद असलेला दिवा मिळाला, तर थोडा कमी उजेड पत्करूनही मी तोच निवडतो.

प्रवाहाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. जुना दिवा ६० मिलिअँपिअरचा असेल, तर अधिक उजेडाच्या मोहाने १०० मिलिअँपिअरचा घेऊ नये. मी एकदा ही चूक केली. पहिले काही आठवडे डिस्प्ले झगझगीत दिसला आणि मग दिव्याजवळचा प्रकाशवाहक पिवळा पडून पडद्याच्या त्या कोपऱ्यात कायमचा डाग उमटला. जुन्या दिव्याची जाडी आणि लांबीही मोजून घ्यावी, कारण ३ मिलिमीटरच्या खोबणीत ४ मिलिमीटरचा दिवा जात नाही. हिरव्या किंवा निळ्या रंगाची सिलिकॉनची टोपी दिव्यावर असेल, तर ती जपून उतरवावी. रंग या टोपीचा असतो, दिव्याचा नव्हे. टोपी कडक झाली असेल, तर आयसोप्रोपिलचा एक थेंब कडेने सोडून ती फिरवत फिरवत काढावी.

बल्ब की एलईडी

मूळचा डिस्प्ले जसा होता तसाच हवा असेल, तर माझे मत बल्बच्या बाजूने आहे. बल्ब सगळ्या दिशांना उजेड टाकतो आणि प्रकाशवाहकाची रचना त्याच हिशेबाने केलेली असते. एलईडी पुढच्या दिशेला प्रकाश फेकते, त्यामुळे पडद्यावर मध्ये झगझगीत ठिपका आणि कडेला अंधार असे होऊ शकते. दुसरीकडे एलईडी जवळजवळ तापत नाही, थरथरीने तुटत नाही आणि नीट बसवली तर दीर्घकाळ टिकते. जिथे दिव्यापर्यंत पोहोचायला अर्धा रेडिओ उसवावा लागतो, तिथे हे गुण फार मोलाचे ठरतात.

एलईडी लावायची, तर तिच्याबरोबर रेझिस्टर हवाच. पांढरी एलईडी साधारण ३.२ व्होल्ट घेते. १४.४ व्होल्टमधून ते वजा केल्यास ११.२ उरतात आणि १० मिलिअँपिअर प्रवाहासाठी रेझिस्टर ११२० ओहमचा येतो. बाजारात मिळणारा जवळचा, १.२ किलोओहमचा, पाव वॉटचा रेझिस्टर पुरेसा आहे, कारण त्यात फक्त एक दशांश वॉट उष्णता होते. दोन एलईडी एकामागोमाग जोडल्यास ८२० ओहम चालतो. परंतु गाडीचा डिमर व्होल्टेज कमी करणारा जुन्या पद्धतीचा असेल, तर दोन एलईडींची जोडी सहा व्होल्टच्या आसपासच विझते. अशा गाडीत प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर द्यावा. एलईडीला प्लस-मायनस असते आणि उलटे व्होल्टेज तिला फारसे सोसत नाही, म्हणून बोर्डावर कोणते टोक प्लस आहे हे मोजूनच ती लावावी.

डोके चपटे असलेली, रुंद कोनाची एलईडी निवडावी. गोल डोक्याचीच मिळाली, तर तिचे टोक बारीक पॉलिश पेपरवर घासून धुरकट केल्यास उजेड बराच पसरतो. रंगाबाबतही विचार हवा. हिरव्या टोपीतून पिवळसर बल्बचा प्रकाश येताना जी छटा दिसते, ती निळसर पांढऱ्या एलईडीतून येत नाही. टोपी ठेवायची असेल, तर पिवळसर पांढरी एलईडी घ्यावी. पुढच्या काचेलाच लाल फिल्टर असेल, तर लाल एलईडीच योग्य, कारण पांढऱ्या एलईडीत लाल प्रकाशाचा वाटा कमी असतो आणि आकडे मलूल दिसतात.

सोल्डरिंग

बारीक टोकाचा, तापमान ठरवता येणारा सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवावा. जुन्या जोडावर आधी थोडे फ्लक्स आणि ताजे सोल्डर द्यावे. शिसे-कथिलाचे नेहमीचे ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळते, तर शिसेविरहित सोल्डरला सुमारे २१७ अंश लागतात. दोन्ही मिसळले की जुना जोड लवकर सैल होतो. मग तांब्याच्या जाळीदार वातीने किंवा पंपाने सोल्डर शोषून घ्यावे. तार ओढून काढू नये. ती आपोआप सुटली नाही, तर सोल्डर अजून शिल्लक आहे आणि ओढण्याने बोर्डावरची तांब्याची चकती निघून येते.

नव्या बल्बच्या तारा काचेच्या मुळाशी वाकवू नयेत, कारण तिथे काच तडकते. चिमट्याने काचेपासून दोनतीन मिलिमीटरवर तार धरून त्यापुढे वाकवावी. सोल्डर करताना हाच चिमटा उष्णताही शोषून घेतो. जुन्या दिव्याच्या तारांवर इन्सुलेशनची नळी असेल, तर ती नव्यावर चढवावी, नाहीतर उघडी तार शेजारच्या मार्गाला टेकेल. प्रत्येक जोडाला दोनतीन सेकंदांपेक्षा अधिक वेळ उष्णता देऊ नये. काम झाल्यावर फ्लक्सचे डाग अल्कोहोलने पुसावेत.

अलीकडच्या रेडिओंत बोर्डावर चपट्या, चौकोनी एलईडी असतात. त्या मालिकेत जोडलेल्या असतील, तर एक मेली तरी सगळी रांग विझते. मल्टिमीटरच्या डायोड तपासणीत चांगली एलईडी मंद उजळते, मात्र पांढरीसाठी मीटरकडून पुरेसे व्होल्टेज यावे लागते. दोष असलेली काढताना दोन्ही टोकांवर भरपूर सोल्डर देऊन आयर्न आलटून पालटून फिरवावा आणि चिमट्याने बाजूला सरकवावी. नवी बसवताना कापलेला कोपरा जुन्याप्रमाणेच ठेवावा. बहुतेक वेळा तो मायनसची बाजू दाखवतो, पण जुन्या एलईडीचा फोटो हाच खात्रीचा पुरावा.

एक दिवा गेला असला, तरी एकाच वयाचे सगळे दिवे एकदमच बदलावेत. नवा आणि जुना यांच्या उजेडातला फरक रात्री डोळ्याला फार खुपतो, आणि उरलेल्यांचेही दिवस भरत आलेले असतात.

बंद करण्याआधी तपासणी

मुखवटा पूर्ण बसवण्याआधीच दिवे लावून पाहावेत. प्रवाहावर मर्यादा घालता येणारा १२ व्होल्टचा पुरवठा असल्यास अर्थ, कायमची आणि इग्निशनची पिन जोडावी, आणि शेवटी उजेडाची. गाडीतच तपासायचे असेल, तर उघडा बोर्ड डॅशबोर्डच्या धातूला टेकू नये म्हणून त्याखाली जाड पुठ्ठा ठेवावा. स्पीकरच्या तारा मोकळ्या असतील, तर त्या अर्थला लागणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण अनेक रेडिओंत स्पीकरचे मायनस टोक अर्थला जोडलेले नसते आणि तसा स्पर्श झाल्यास अँप्लिफायर बिघडू शकतो. दिवे लागल्यावर खोलीत अंधार करून पडद्याचे चारही कोपरे पाहावेत. ठिपका दिसला, तर दिवा अर्धा मिलिमीटर मागे घ्यावा किंवा प्रकाशवाहकाच्या कडेला पातळ पांढऱ्या कागदाचा तुकडा लावून बघावा. ही दुरुस्ती आता पाच मिनिटांची आहे. रेडिओ बसवल्यावर तीच अर्ध्या दिवसाची होते.

समाधान झाले, की उलट क्रमाने सर्व जोडावे: लवचिक केबल तिरपी न जाता पूर्ण आत, तिची कुंडी बंद, पडद्याची काच आतून बोटांच्या ठशांपासून मुक्त, प्रत्येक स्क्रू त्याच्याच जागी. बटणांखालची रबरी चादर कुठे दुमडलेली नाही हे एकेक बटण दाबून पाहावे. अँटेनाची तार आठवणीने लावावी, मग रेडिओ चौकटीत ढकलावा. तो शेवटी अडत असेल, तर मागे तारांचा गुंता झालेला असतो. जोर न लावता बाहेर काढून तारा बाजूला साराव्यात. बॅटरी जोडून कोड द्यावा आणि रात्री, इंजिन चालू ठेवून, डिमर सर्वांत वरपासून सर्वांत खालपर्यंत फिरवत डिस्प्लेचा उजेड शेजारच्या मीटरच्या उजेडाशी ताडून पाहावा.